गोव्याच्या पावसात निवडुंगाची जुनी चित्रं जमवायची तर

आमच्या फोंड्याच्या घरात कुंडीतला कॅक्टस दोन पावसाळे काही काढत नाही. आषाढात बुडाशी मऊ पडतो, श्रावणात बोट लावलं की आत जातं. अशी पाच-सहा रोपं गेल्यावर मी कुंड्या आणणं बंद केलं आणि कागदावरची रोपं आणू लागले. आज माझ्याकडे कोरड्या मुलखातल्या झाडांची एकतीस जुनी छापचित्रं आहेत. ती जमवताना मी पैसेही घालवले आणि एक सुंदर चित्रही. नव्यानं या छंदाकडे वळणाऱ्यानं ते घालवू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी छापचित्र म्हणजे काय ते सांगते. हा फोटो नाही आणि चित्रकाराचं मूळ जलरंगातलं चित्रही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात वनस्पतींच्या पुस्तकांसाठी चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरत किंवा दगडावर काढत. त्याचे काळे छाप घेत आणि मग रंगारी एकेक पान हातानं रंगवत. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींतलं तेच फूल कधी जरा गडद, कधी जरा फिकं असतं. पुढं कधीतरी पुस्तकाची शिवण सुटते, पानं सुटी होतात आणि बाजारात येतात. आपण घेतो ते हे सुटं पान.

पहिली पायरी: झाड कुठलं ते ओळखा

मराठीत आपण सगळ्यालाच निवडुंग म्हणून मोकळे होतो. चित्रं घेताना तसं चालत नाही. कॅक्टस हे कुळ जवळजवळ पूर्णपणे अमेरिका खंडांतलं. फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आपल्याकडे आलेला. आपल्या सड्यावर, कुंपणात दिसणारा चिकाचा निवडुंग आणि शेर ही युफोर्बियाची झाडं, त्यांचं कुळ वेगळं. फांदी मोडली आणि पांढरा चीक आला तर युफोर्बिया समजावं. कोरफडीच्या जातीची बहुतेक झाडं आफ्रिका, अरबस्तान आणि मादागास्करची. सडक्या मांसाचा वास सोडून माशा बोलावणारी, चांदणीसारख्या फुलांची स्टापेलिया दक्षिण आफ्रिकेची. तिचीच एक नातेवाईक आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर आहे, शिंदळ माकुडी. वनस्पतीशास्त्रज्ञ डाल्झेलनं १८६५ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं.

आणि ब्रह्मकमळ? पावसाळ्यात रात्री जागून जे फूल बघायला शेजाऱ्यांना बोलावतो, ते झाड कॅक्टसच आहे, फक्त वाळवंटातलं नव्हे, मध्य अमेरिकेच्या जंगलातलं. रात्री फुलणाऱ्या कॅक्टसचं सगळ्यांत गाजलेलं छापचित्र डॉ. थॉर्नटन यांच्या १८०० सालच्या आसपासच्या मोठ्या फुलांच्या मालिकेत आहे. फूल रेनॅगलनं काढलं, मागचं चांदणं आणि मनोरा पेथरनं, आणि मनोऱ्यावरच्या घड्याळात मध्यरात्र नुकतीच उलटलेली आहे. त्या पानाची किंमत लाखांत जाते. मी ते फक्त पडद्यावर पाहिलं आहे आणि तेवढ्यावरही समाधानी आहे.

दुसरी पायरी: एकच वाट धरा

"वाळवंटी झाडं" हा विषय फार मोठा आहे. सगळं घ्यायला गेलात तर हाती फक्त गर्दी लागते. नव्या माणसानं एक कुळ, एक पुस्तक किंवा एक प्रदेश धरावा. कोरफडी धरा, स्टापेलिया धरा, नाहीतर एकाच नियतकालिकातले कॅक्टस धरा. मी स्टापेलियानं सुरुवात केली, कारण त्या फुलावरची आडवी जांभळी नक्षी आणि लव कोरणाऱ्याची खरी परीक्षा घेते.

गोव्यात राहून ही वाट धरायला एक सुंदर कारण आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. प्रस्तावनेनंतरचा पहिलाच संवाद कोरफडीच्या सुकवलेल्या रसावर, म्हणजे आपल्या काळ्या बोळावर आहे. त्या ग्रंथात वनस्पतींची चित्रं नाहीत, म्हणून कोणी त्याच्या नावानं "मूळ चित्र" विकायला आला तर हात जोडावेत. पण हॉर्टस मलबारिकस या डच ग्रंथात, १६७८ ते १६९३ दरम्यान निघालेल्या बारा खंडांत, चित्रं आहेत. त्याच्या दुसऱ्या खंडात आपल्या कुंपणातले निवडुंग आहेत. पुष्कळ चित्रांवर झाडाचं नाव नागरीतही कोरलेलं आहे, कारण या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. अॅमस्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर उमटलेली ती अक्षरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तिसरी पायरी: पानाचा पत्ता शोधायला शिका

सगळ्यांत महत्त्वाचं हेच, म्हणून इथं थोडं थांबते. प्रत्येक जुन्या छापचित्राला पत्ता असतो: पुस्तकाचं नाव, खंड, चित्राचा क्रमांक, वर्ष. विक्रेता पत्ता सांगू शकत नसेल तर तो तुम्ही शोधा. तोही सापडला नाही तर घेऊ नका.

नव्या माणसाला सर्वांत सोयीचं म्हणजे कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन. विल्यम कर्टिसनं ते १७८७ साली लंडनमध्ये सुरू केलं. पान लहान आणि उभट. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक असतो आणि तो पहिल्या अंकापासून सलग वाढत जातो. म्हणजे क्रमांक कळला की वर्ष कळतं. उदाहरणार्थ, ५३६८ आणि ५३६९ ही वेलविचियाची पानं १८६३ची, वॉल्टर हूड फिच या चित्रकाराची.

वेलविचियाची गोष्ट गोवेकरांनी जाणून घ्यावी अशी आहे. फ्रीडरिश वेलविच हा ऑस्ट्रियन वनस्पतीशास्त्रज्ञ पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत अंगोलात होता. १८५९ साली तिथल्या वाळवंटात त्याला एक झाड दिसलं, ज्याला आयुष्यभर दोनच पानं असतात. ती फाटत, वाळत जमिनीवर कित्येक मीटर पसरतात, पण नवं पान येत नाही. त्या वेळी गोवा आणि अंगोला एकाच राज्याच्या अमलाखाली होते. माझ्या संग्रहात वेलविचिया अजून नाही. ते पान मिळालं की इतर पाच पानं मी आनंदानं देऊन टाकीन.

कर्टिसच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हे मासिक १९४८ पर्यंत हातानंच रंगवलं जात होतं. "हातानं रंगवलेलं आहे, म्हणजे अठराव्या शतकातलं" असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही. हाताचा रंग वर्ष सांगत नाही, क्रमांक सांगतो.

त्यापुढं ओळख करून घ्यावी अशी आणखी पुस्तकं आहेत. द कांडोलचा मजकूर आणि रदूतेची चित्रं असलेली रसाळ वनस्पतींची फ्रेंच मालिका १७९९ पासून भागाभागानं निघाली. ती ठिपक्यांच्या कोरीवकामानं रंगीत छापलेली आहे आणि फार महाग. जॅकॅनची १८०६ पासूनची स्टापेलियाची चित्रंही महागच. अमेरिका-मेक्सिको सीमेच्या मोजणीतल्या कॅक्टसांवर एंगलमाननं लिहिलं, ते पाउलुस रॉटरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांसह १८५९ला छापलं गेलं. काट्यांची एवढी बारीक रेघ मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ब्रिटन आणि रोझ यांच्या १९१९ ते १९२३ मधल्या चार खंडांसाठी मेरी एमिली ईटननं रंगचित्रं काढली. ती तुलनेनं नवी असली तरी फुलांचे रंग डोळ्यांत भरतात.

आणि आपल्या देशातलं एक नाव मुद्दाम सांगते. रॉबर्ट वाइटनं मद्रासमध्ये १८३८ ते १८५३ दरम्यान सहा खंड काढले. शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, दोन हजारांहून जास्त काळी चित्रं. त्यातली अनेक रुंगिया आणि गोविंदू या भारतीय चित्रकारांनी काढली. कोरड्या माळावरच्या कॅरलुमासारख्या झाडांचीही त्यात चित्रं आहेत. रंग नसल्यामुळे बाजारात लोक त्यांना कमी भाव देतात. माझ्या मते ती या संपूर्ण बाजारातली सर्वांत दुर्लक्षित पानं आहेत.

पत्ता शोधायला बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही मोफत इंटरनेट लायब्ररी बघावी. जुनी पुस्तकं तिथं पानापानानं आहेत. विकत घ्यायचं पान आणि तिथलं पान शेजारी ठेवून रेघ न् रेघ जुळवा. पुस्तक हाताळायची सवय हवी असेल तर पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन जुन्या पुस्तकांचा कागद, छपाई आणि वास ओळखा. ही संस्था १८३२ची आहे. हाताखालून शंभर जुनी पानं गेली की नव्या कागदावरचं सोंग आपोआप टोचू लागतं.

चौथी पायरी: भिंग

दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात ते भिंग घ्या. या छंदातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू. बऱ्याच जणांचा समज असतो की कागद पिवळा असला की चित्र जुनं. कागद चहाच्या पाण्यातही पिवळा होतो.

किनाऱ्याकडच्या एका दुकानात मी माझं पहिलं "१७९५चं कॅक्टसचं चित्र" घेतलं. जड लाकडी फ्रेम, डागाळलेला कागद, मागं तपकिरी टेप. घरी आल्यावर भिंग लावलं तेव्हा हिरव्या रंगात निळे, पिवळे आणि गुलाबी ठिपके एकसारख्या फुलासारख्या गोलांत मांडलेले दिसले. हा ऑफसेट छपाईचा नमुना, म्हणजे विसाव्या शतकातलं काम. तेव्हापासून भिंग पर्समध्ये असतं आणि मी दुकानातच बघते.

खऱ्या पानावर काय दिसतं? माझं स्टापेलियाचं पान भिंगाखाली घेते. काळी रेघ धारदार आहे, शाई कागदावर किंचित उचललेली, बोटाच्या टोकाला जेमतेम जाणवणारी. जांभळा रंग त्या रेघेच्या दोन-तीन केस बाहेर गेला आहे, कारण रंगवणारा घाईत असावा. एका पाकळीच्या टोकाला रंग साचून गडद थेंब वाळला आहे, आणि त्या थेंबात ब्रशचा एक केस चिकटून राहिला आहे. तो केस मी कधी काढणार नाही.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर चित्राभोवती चौकोनी दाब उमटतो, कागद उजेडात तिरका धरला की कडा दिसते. मात्र पान कापलेलं असेल तर ही कडा गेलेली असते. शिळाछापाला दाब नसतो, तिथं खडूसारखा मऊ दाणेदार पोत दिसतो. १८४०च्या दशकात कर्टिसचं मासिकही पत्र्यावरून शिळाछापाकडे वळलं. रंगीत शिळाछापात ठिपके असतात, पण ते वेडेवाकडे, हातानं मांडलेले. यंत्राची शिस्त त्यांच्यात नसते.

कागद उजेडासमोर धरा. आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीचा साच्यातला कागद. सपाट, जाळी नसलेला विणीचा कागद १७५७ नंतर आला, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या कागदावर जाळी नसली तरी चालते. इंग्रजी कागदात कधी जलचिन्हात गिरणीचं नाव आणि वर्ष सापडतं. ते वर्ष चित्राच्या वर्षानंतरचं असेल तर काही तरी चुकलं आहे. समोरच्या छापील मजकुराचा फिका उलटा ठसा चित्रावर असेल तर मला आनंद होतो: हे पान पुस्तकात बसलेलं होतं.

नंतर भरलेला रंग ओळखणं अवघड आहे. काळ्या-पांढऱ्या जुन्या छापावर गेल्या पन्नास वर्षांत रंग चढवलेली पानं बाजारात पुष्कळ आहेत. फसवणूक असतेच असं नाही, पण भाव निम्म्याहून कमी हवा. तुमच्या पानाचा रंग फार ताजा, फार एकसारखा आणि मूळ पुस्तकातल्या प्रतीपेक्षा वेगळा असेल तर विचारा.

पाचवी पायरी: विकत घेताना

मुंबईचा चोरबाजार, परदेशी छापचित्र-विक्रेते आणि ऑनलाइन लिलाव, तिन्ही ठिकाणी माल मिळतो. गोव्यात जुन्या घरांच्या सामानात फार क्वचित. कर्टिसची साधी पानं परदेशी विक्रेत्यांकडे वीस-तीस पौंडांपासून मिळतात. त्यात टपाल आणि जकात धरावी. बिलावर "मूळ छापचित्र" आणि वर्ष स्पष्ट लिहून घ्या. मूळ छापचित्रांची कस्टमची वर्गवारी ९७०२ आहे, शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंची ९७०६. कर किती ते मागवण्याआधी तपासा.

विक्रेत्याला पुढचं विचाराच: पान कापलेलं आहे का, क्रमांक शाबूत आहे का, पाठीमागे टेप किंवा चिकटवण आहे का, पाठीचाही फोटो देता का. पाठीचा फोटो द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका. गुंडाळून नको, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा असं सांगा, आणि शक्य असेल तर जून ते सप्टेंबर मागवूच नका.

मी एक नियम पाळते. अखंड पुस्तक फाडून पानं विकणाऱ्याकडून मी घेत नाही. सुटी झालेली पानं आधीच खूप आहेत, त्यासाठी आणखी पुस्तक मोडायला नको. आणि घेतलेलं पान पुढं परदेशी पाठवायची वेळ आली तर लक्षात ठेवा, १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

सहावी पायरी: पावसाळा

खरं काम इथून सुरू होतं. वाळवंटातल्या झाडाचा कागद घेऊन आपण त्याला अशा प्रदेशात आणतो जिथं चार महिने हवेत पाणी असतं. सुमारे पासष्ट-सत्तर टक्क्यांवर आर्द्रता गेली की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जुलैत ती नव्वदच्या आसपास असते. छोटं आर्द्रतामापक घ्या. पाचशे-सातशे रुपयांत मिळतं आणि ते डोळे उघडतं.

फ्रेम करून देणाऱ्याकडे अजिबात विश्वासानं सोडू नका. माझं कोरफडीचं एक शिळाछाप एका फ्रेमवाल्याकडे दिलं. तो मनापासून म्हणाला, "ताई, मी प्लायवर चिकटवून देतो, कधी लाट येणार नाही." मी तेव्हा नवखी, हो म्हटलं. लाट आली नाही खरी. तिसऱ्या पावसात प्लायमधला तपकिरी आम्लाचा रंग कागदातून वर आला, आणि चित्र आता कधीच सुटत नाही. फेविकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन, प्लाय, हार्डबोर्ड यातलं काहीही छापचित्राच्या जवळ नको. आम्लमुक्त माउंटबोर्डच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या खिडकीत, कोपऱ्यांतल्या कागदी खिशांनी धरलेलं चित्र हवं. खिशांमुळे डिंक कागदाला लागतच नाही. काच आणि चित्रात माउंटच्या जाडीइतकी जागा राहते, तेव्हा काचेचा दमट पदर रंगाला भिडत नाही. अतिनील किरण अडवणारी काच परवडली तर घ्याच. त्यामागं कारण आहे: जुन्या रंगाऱ्यांचा गुलाबी-लाल कार्माइन हा कोचिनील किड्यांपासून केलेला असे, आणि ते किडे फड्या निवडुंगावरच वाढतात. कॅक्टसच्या फुलाला कॅक्टसवरच्या किड्याचा रंग! तो रंग उन्हात विरतो. पिवळा विरला की हिरवी पानंही निळसर दिसू लागतात.

भिंत निवडताना चिऱ्याच्या, पश्चिम किंवा दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती टाळा. त्या पाणी धरतात. आतली भिंत बघा, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागं कॉर्कचे दोन तुकडे लावा, मागं वारा खेळता राहील. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब. वर्षभर एकच चित्र टांगू नका. मी चार महिने टांगते, आठ महिने झाकते.

न टांगलेली चित्रं आम्लमुक्त पाकिटात, सपाट, लोखंडी कपाटात. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायची असतील तर दोन बाजू उघड्या ठेवा, बंद पाकिटात दमटपणा अडकतो. सिलिका जेल नारिंगी घ्या. ती ओल धरली की हिरवी पडते, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कोरडी केली की परत नारिंगी होते. निळी जेल कोबाल्टची, ती घरच्या भांड्यांजवळ नको. कसर आणि वाळवीसाठी कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढा. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. जमलं तर एका छोट्या खोलीत डीह्युमिडिफायर लावा. जुलैत त्यातून रोज निघणारी बादली बघितली की खर्चाबद्दल शंका राहत नाही.

तांबूस ठिपके दिसले म्हणून कुठल्याही घरगुती ब्लीचनं पुसू नका. ठिपके चालतील, फाटलेला कागद चालणार नाही. बुरशी पांढरी, पिसासारखी दिसली तर कागद वेगळा करा, सावलीत वाळवा आणि मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झटका, तोंडाला मास्क बांधून.

सातवी पायरी: वही

प्रत्येक चित्रासाठी वहीत एक पान. झाडाचं जुनं नाव आणि आजचं नाव (ती बरीच बदलली आहेत), पुस्तक, क्रमांक, वर्ष, कुणाकडून किती रुपयांना, कागदाची लांबी-रुंदी, दोष, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. चित्रावर फक्त मऊ पेन्सिलीनं, पाठीमागे, कोपऱ्यात संग्रहाचा क्रमांक. शाईचं पेन चित्राजवळ आणूच नका.

आमच्याकडे चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगायची चौकट, बांधतो तेव्हा आई एकेक रानफळाचं नाव विचारायची, आणि चुकलं तर पुन्हा रानात पाठवायची. ही वही त्याच सवयीनं लिहिली जाते. दसरा झाला की वारा कोरडा होतो. तेव्हा एका सकाळी मी सगळ्या फ्रेम उतरवते, मागची पट्टी सोडवते, कागद पाठीकडून बघते, कोपऱ्यांतले खिसे तपासते, गेल्या वर्षीच्या नोंदीशेजारी यंदाची तारीख टाकते. यंदा दोन माउंट बदलायला निघाले, एका पानाच्या कडेला कसर लागलेली सापडली. ते पान आता वेगळ्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात आहे.